पंक्तिप्रपंच ते सेवेतील त्रुटी : महाराष्ट्रातील उपाहारगृहांतील वाढपाचा सामाजिक इतिहास

प्रस्तावना :

उपाहारगृहातील सेवा वाईट असली की जेवण बिघडते, हा सार्वत्रिक अनुभव आहे. पदार्थ तोच, चव तीच. परंतु पेला आदळून ठेवला, मागितलेली चटणी आली नाही, शेजारच्या टेबलावर नंतर आलेल्यास आधी वाढले गेले, की घास कडवट लागतो. हा अनुभव सामान्यतः शिष्टाचाराचा किंवा व्यवस्थापनशास्त्राचा विषय मानला जातो. इतिहासाच्या अभ्यासात अन्नाचा विचार प्रामुख्याने पीक, दुष्काळ, व्यापार व पाककृती या अंगांनी झाला. अन्न कोणी, कोणाला, कोणत्या भांड्यात आणि कोणत्या रीतीने वाढले, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम राहिला.

मराठी भाषेने मात्र या प्रश्नाची नोंद फार पूर्वी घेतली आहे. एकाच पंगतीत बसलेल्यांपैकी एकास साजूक तूप आणि दुसऱ्यास नुसते वरण वाढणे, यास मराठीत ‘पंक्तिप्रपंच’ म्हणतात. आज ग्राहक न्यायालयात जाणारा मनुष्य ज्यास ‘सेवेतील त्रुटी’ म्हणतो, त्याच्याशी या शब्दाचे नाते काय, याचा शोध प्रस्तुत निबंधात घेतला आहे.

उद्दिष्टे :

१) पंगतीतील वाढप व उपाहारगृहातील सेवा यांतील सातत्य तपासणे.
२) वाईट सेवा आणि सामाजिक अवहेलना यांतील संबंध स्पष्ट करणे.
३) या संदर्भातील कायद्यांची वाटचाल व मर्यादा यांचा आढावा घेणे.

पंगत आणि वाढप :

पारंपरिक भोजनव्यवस्थेत स्वयंपाकाइतकेच महत्त्व वाढपाला होते. पानाच्या डावीकडे मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे भाजी, आमटी. मध्ये भात आणि त्यावर वरण, तूप, असा क्रम ठरलेला असे. वाढप्याने आग्रह करावा, पाहुण्याने आढेवेढे घ्यावेत आणि यजमानाने पंगतीवरून फिरत विचारपूस करावी, ही सेवेची परिभाषा होती. पंक्तिप्रपंच हा दोष मानला गेला, तो याच चौकटीत.

तथापि या नीतीची मर्यादा उघड आहे. पंक्तिप्रपंच हा पंगतीत बसलेल्यांपुरता दोष होता. पंगतीत कोणी बसावे, हे जातीने आधीच ठरवलेले असे. ज्यांना पंगतीत स्थानच नव्हते, ज्यांच्या वाट्याला उरलेले अन्न दुरून टाकले जाई, त्यांच्या बाबतीत हा शब्द वापरला जात नसे. सेवेच्या नीतीचा परीघ आणि जातीचा परीघ एकच होता.

एकोणिसाव्या शतकातील सुधारकांनी हा परीघ प्रथम ओलांडला तो अन्नाच्याच मार्गाने. १८४९ च्या सुमारास मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्यास ख्रिस्ती माणसाने भाजलेला पाव खावा लागे. मात्र हा विधी गुप्त ठेवला जाई. १८९० साली पुण्यातील पंचहौद मिशनमध्ये व्याख्यानानंतर चहा दिला गेला. उपस्थितांमध्ये न्या. रानडे व लोकमान्य टिळक यांच्यासारखी मंडळी होती. गोपाळराव जोशी यांनी उपस्थितांची नावे जाहीर केल्यावर ग्रामण्याचे प्रकरण उभे राहिले व प्रायश्चित्तापर्यंत पोहोचले. चहा कसा होता, हा प्रश्न कोणी विचारला नाही; तो कोणाच्या हातचा होता, एवढाच प्रश्न होता.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या आत्मकथनपर लेखनातील १९०१ सालचा बालपणीचा प्रसंग याहून बोलका आहे. साताऱ्याहून वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेल्या या मुलांजवळ डबा भरलेला होता, भूकही होती. परंतु वाटेत कोणी पिण्याचे पाणी दिले नाही, म्हणून अन्न असूनही त्यांना उपाशी झोपावे लागले. सेवा हे जेवणाचे अलंकरण नसून जेवणाचा घटक आहे, याचा यापेक्षा स्पष्ट पुरावा देणे कठीण आहे.

वेगळी कपबशी :

रेल्वे, कापडगिरण्या व सरकारी कचेऱ्या यांमुळे घराबाहेर जेवणाऱ्यांचा वर्ग वाढला आणि खानावळ, चहाचे दुकान, उपाहारगृह या संस्था उदयास आल्या. पैसे देणाऱ्या कोणासही अन्न मिळावे, हे उपाहारगृहाचे तत्त्व पंगतीच्या तत्त्वाशी विसंगत होते. प्रत्यक्षात मात्र जुनी पंगत नव्या जागेत शिरली. रेल्वे स्थानकांवर हिंदू पाणी व मुसलमान पाणी वेगळे मिळे. गावोगावच्या चहाच्या दुकानांत दलितांसाठी ठेवलेली कपबशी दुकानाबाहेर असे; चहा वरून ओतला जाई आणि ती कपबशी पिणाऱ्यानेच धुऊन ठेवावी लागे. चहाचे पैसे मात्र सर्वांना सारखेच पडत. पंक्तिप्रपंचाचे हे व्यापारी रूप होते.

या पार्श्वभूमीवर कोल्हापुरातील घटना महत्त्वाची ठरते. छत्रपती शाहू महाराजांच्या कारकिर्दीच्या अखेरच्या वर्षांत गंगाराम कांबळे यांनी महाराजांच्या साहाय्याने चहाचे हॉटेल काढले. सवर्ण गिऱ्हाईक फिरकेना, तेव्हा स्वतः महाराज तेथे थांबून चहा घेत आणि बरोबरच्या मंडळींनाही पाजत. १९१९ साली महाराजांनी सार्वजनिक ठिकाणी अस्पृश्यता पाळू नये, असे आदेश काढले होते. हुकुमाने जे साधले नसते, ते एका कप चहाने समोर मांडले. १९३३ साली रत्नागिरीत वि. दा. सावरकरांनी अखिल हिंदू उपाहारगृह सुरू केले. तेथे तत्कालीन अस्पृश्य समाजातील व्यक्तीच्या हातून चहा-फराळ दिला जाई. त्याचा परीघ नावाप्रमाणे हिंदूंपुरता होता. तरीही या दोन्ही प्रयोगांत एक समान सूत्र दिसते : केवळ गिऱ्हाईक म्हणून प्रवेश पुरेसा नसून वाढणाऱ्याचे स्थानही बदलले पाहिजे, ही जाणीव.

मुंबईतील इराणी हॉटेलांचे उदाहरण वेगळ्या कारणासाठी उद्‌बोधक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातून आलेल्या झरतुष्ट्री कुटुंबांनी ही हॉटेले बहुधा रस्त्याच्या कोपऱ्यावरील जागांत काढली. संगमरवरी टेबले, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बनमस्का आणि चहा हे त्यांचे रूप सर्वपरिचित आहे. येथील सेवा अगत्यशील म्हणून प्रसिद्ध नव्हती. गल्ल्यावरचा मालक तुसडा असे. भिंतीवर काय करू नये याच्या सूचनांची पाटी असे. निसीम एझिकेल यांनी अशाच पाटीवर इंग्रजीत कविता केली. असे असूनही या हॉटेलांविषयी मुंबईकरांच्या मनात आपुलकी राहिली, याचे कारण तो तुसडेपणा सर्वांना सारखा होता. वकील, गिरणी कामगार व विद्यार्थी एकाच टेबलाशी बसत आणि एकच पाटी वाचत. यावरून असे म्हणता येते की, केवळ रूक्ष सेवा जेवण बिघडवत नाही; निवडून केलेली रूक्षता ते बिघडवते.

गिरणगावातील खानावळींचे स्वरूप याच्या उलट बाजूचे दर्शन घडवते. एकट्या राहणाऱ्या गिरणी कामगारांना महिन्याच्या हिशेबावर जेवू घालणाऱ्या स्त्रियांच्या या खानावळी होत्या. १९७० च्या दशकातील संपाच्या काळात कामगारांजवळ पैसे नसतानाही या स्त्रियांनी उधारीवर ताट वाढणे चालू ठेवले. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळाच्या रूपाने त्यांना संघटित केले. येथे सेवेचा अर्थ शिष्टाचार नव्हता, विश्वास होता.

कायद्याची वाटचाल :

मुंबई प्रांतात १९४६ च्या हरिजन (सामाजिक अपात्रता निवारण) कायद्याने सार्वजनिक ठिकाणांतील मज्जावाविरुद्ध पाऊल उचलले. १९५० साली अंमलात आलेल्या राज्यघटनेच्या अनुच्छेद १५(२) मध्ये दुकाने, सार्वजनिक उपाहारगृहे व हॉटेले यांचा स्पष्ट उल्लेख आहे. अनुच्छेद १७ ने अस्पृश्यता नष्ट केली. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात उपाहारगृहाचे नाव यावे, ही बाब त्या काळच्या चहाच्या टेबलाचे सामाजिक वजन दर्शवते.

१९५५ च्या अस्पृश्यता (अपराध) कायद्याने पुढचे पाऊल टाकले. त्याच्या कलम ४ मध्ये उपाहारगृहातील प्रवेशाबरोबरच तेथील भांडी वापरण्यास केलेली आडकाठी हाही अपराध ठरवण्यात आला. आत घेऊन वेगळ्या कपात चहा देणे हाही नकारच आहे, हे कायदेमंडळाने ओळखले होते. १९७६ च्या दुरुस्तीने हा कायदा नागरी हक्क संरक्षण कायदा या नावाने ओळखला जाऊ लागला. तरीही घनश्याम शहा व सहकाऱ्यांच्या २००६ साली प्रसिद्ध झालेल्या, ११ राज्यांतील ५६५ गावांच्या पाहणीवर आधारित ग्रंथात चहाच्या दुकानांतील वेगळी बैठक व वेगळी भांडी यांची नोंद आढळते.

वाढणारा हात :

वाईट सेवेची चर्चा गिऱ्हाइकाच्या बाजूनेच केल्यास ती अपुरी राहते. हॉटेलात फडके मारणारा मुलगा ‘पोऱ्या’ या नावानेच ओळखला जाई. त्याचे खरे नाव गिऱ्हाइकास ठाऊक नसे. दक्षिण कर्नाटकाच्या किनारपट्टीवरून मुंबईत आलेली अनेक मुले उडुपी हॉटेलांत दिवसा काम करून रात्रशाळेत शिकली व हॉटेल बंद झाल्यावर तेथेच झोपली. १९४८ च्या मुंबई दुकाने व आस्थापना कायद्याने हॉटेल कामगाराच्या कामाचे तास दिवसाला ९ ठरवले. २०१७ च्या महाराष्ट्र कायद्याने त्याची जागा घेतली. १४ वर्षांखालील मुलांना हॉटेले, ढाबे व उपाहारगृहांत कामावर ठेवण्यास १० ऑक्टोबर २००६ पासून मनाई झाली. पहाटेपासून उभ्या असलेल्या माणसाच्या हातून पाणी सांडले, तर त्या त्रुटीचा कर्ता कोण, हा प्रश्न बिलावर लिहिलेला नसतो. पंक्तिप्रपंच वाढणाऱ्याकडून जेवणाऱ्याकडे जातो, तसाच तो उलट दिशेनेही जातो.

ग्राहक आणि त्रुटी :

१९८६ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने भोजन-निवासाचा समावेश ‘सेवा’ या संज्ञेत केला आणि सेवेच्या दर्जाबरोबर ती देण्याच्या रीतीतील उणीवही त्रुटी मानली. २०१९ च्या कायद्यातही ही भूमिका कायम आहे. ‘रीत’ या शब्दाला मिळालेली ही कायदेशीर मान्यता लक्षणीय आहे. ४ जुलै २०२२ रोजी केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने बिलात सेवाशुल्क परस्पर लावण्यास मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ती योग्य ठरवली. सेवेचे मोल गिऱ्हाइकाने स्वेच्छेने द्यावे, हे तत्त्व त्यातून पुढे आले.

तथापि १९५५ चा कायदा व १९८६ चा कायदा यांच्या भाषेत अंतर आहे. पहिला माणसाच्या प्रतिष्ठेबद्दल बोलतो, दुसरा पैशाच्या मोबदल्याबद्दल. थंड डोशाची तक्रार दुसऱ्यात बसते. कपडे वा बोली पाहून कोपऱ्यातले टेबल दाखवले गेल्याची तक्रार मात्र सिद्ध करणे अवघड जाते. कारण त्या गिऱ्हाइकास पदार्थ वेळेवर मिळालेला असतो आणि बिलही बरोबर असते.

निष्कर्ष :

१) उपाहारगृहाने पंगत मोडली, परंतु पंक्तिप्रपंच त्यात टिकून राहिला. वेगळी कपबशी हे त्याचे सर्वांत कठोर रूप होते.
२) सेवेतील रूक्षता व सेवेतील भेदभाव या भिन्न गोष्टी आहेत. इराणी हॉटेलांचा अनुभव दर्शवतो की पहिली सर्वांच्या वाट्याला सारखी आली तर सहन होते. दुसरी जेवणच हिरावून घेते.
३) कायद्याने प्रवेश, भांडे व सेवेची रीत यांची टप्प्याटप्प्याने दखल घेतली, मात्र अवहेलना आणि त्रुटी यांची सांगड अद्याप पूर्णपणे बसलेली नाही.
४) वाढणाऱ्याच्या श्रमाचा व सन्मानाचा विचार केल्याशिवाय सेवेचा कोणताही इतिहास एकांगी ठरतो.

अन्न पोट भरते. वाढप माणसाला त्याची जागा सांगते. कोणत्या जागी बसवले गेले, हे जेवणारा चव विसरल्यानंतरही विसरत नाही. म्हणून उपाहारगृहातील वाईट सेवा हा क्षुल्लक तक्रारीचा नव्हे, तर समाजातील समतेच्या मोजमापाचा विषय आहे.