ऑइलगळती, मोटारगाडीची

इंजिनाच्या जोडांतून, सीलमधून किंवा तडकलेल्या भागातून वंगणतेल बाहेर पाझरणे. गॅरेजच्या बोलीत ‘ऑइल लीक’. अकोले गावाहून विठा घाट चढून राजूर-भंडारदऱ्याकडे जाणाऱ्या गाडीत हा दोष अंगावर काढू नये. चढावर तेल चेंबरच्या, म्हणजे इंजिनाखालच्या तेलपात्राच्या, मागच्या बाजूला जमते. पातळी आधीच उतरली असेल तर पंपाची जाळी उघडी पडते आणि इंजिन कोरडे फिरते.

तेल खाली ओघळते, वाऱ्याने मागे पसरते. म्हणून थेंब पडतो तिथे मूळ क्वचितच असते. टॅपेट कव्हरचे पॅकिंग गेलेले असते आणि बदलले जाते चेंबरचे. पावसाळ्यात गाडीखालचा चिखल हा माग आणखी झाकतो. इंजिन थंड असताना पूर्ण धुऊन वाळवावे, जोडांवर टाल्कम पावडर भुरभुरावी आणि इंजिन गरम होईपर्यंत चालू ठेवावे. मग ते बंद करून बॅटरीच्या उजेडात वरून खाली पाहावे. पांढऱ्या पावडरीत सर्वांत वर उमटलेली काळपट ओल हेच मूळ. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यात तेल दिसले तर वास घ्यावा: गिअर ऑइलला गंधकासारखा उग्र दर्प असतो. तो नसेल आणि वरचे सगळे कोरडे असेल, तर संशय क्रँकच्या मागच्या ऑइल सीलवर. ते बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, त्यामुळे घाई नको.

सीलला हात लावण्याआधी ब्रीदर पाहणे हे या कामातले सर्वांत महत्त्वाचे आणि सर्रास राहून जाणारे पाऊल. पिस्टनच्या रिंगांजवळून निसटलेला वायू ब्रीदरमधून बाहेर पडतो. ती नळी काजळीने तुंबली की आतला दाब तेलाला सीलबाहेर ढकलतो. मग नवे सीलही टिकत नाही.

जुने पॅकिंग पूर्ण काढावे, पण अॅल्युमिनियमच्या पृष्ठभागावर ओरखडा उठू देऊ नये. सिलिकॉन गाडीच्या निर्मात्याने सांगितले असेल तिथेच, बारीक रेघेत लावावे. जादा लगदा आत सुटून पंपाच्या जाळीत अडकतो. बोल्ट मधून कडेकडे, आलटून-पालटून, टॉर्क पान्याने आवळावेत. चेंबर नटाचा वॉशर दर वेळी नवा घ्यावा. सील फुगवणारी औषधे तात्पुरतीच.

घाटात ऑइलचा लाल दिवा लागला तर गाडी कडेला घेऊन इंजिन लगेच बंद करावे. तेलाविना बेअरिंग धरायला काही मिनिटे पुरतात.