मोटारीची ठिणगी आणि कशेडीचा घाट

महाडहून दक्षिणेकडे निघालेली मोटार पोलादपूर गांठते, आणि तेथें रस्त्याला दोन वाटा फुटतात. एक आंबेनळी घाटानें महाबळेश्वरास चढते. दुसरी, म्हणजे मुंबई-गोवें हमरस्ता, कशेडी घाटानें खेडाकडे जाते. कशेडीच्या डोंगरांतून आतां बोगदा झाला आहे. परंतु त्यापूर्वीं गणपतीस गांवीं निघालेल्या कोंकणवासीयांच्या मोटारींची परीक्षा याच चढणीवर होत असे. पावसानें धरलें कीं जुनी गाडी खोकूं लागे, धक्के देई आणि भलत्याच वळणावर बंद पडे. बॉनेट उघडून पाहावें तों पेट्रोल भरपूर, बॅटरी शाबूत. मग दोष कोठें? पुष्कळदां ठिणगींत.

श्रोतेहो, ही ठिणगी पाडण्याची जुनी पद्धति अमेरिकेंतील डेटन गांवीं चार्ल्स केटरिंग यांनीं सिद्ध केली, आणि विजेच्या स्टार्टरच्या जोडीनें ती १९१२ च्या कॅडिलॅक मोटारींत दिसली. कॉइलमधून वाहणारा बॅटरीचा प्रवाह एकाएकीं तोडला, म्हणजे कॉइलच्या दुसऱ्या वेटोळ्यांत हजारों व्होल्टचा दाब उत्पन्न होतो व प्लगच्या फटींत ठिणगी उडते. तोडण्याचें हें काम डिस्ट्रिब्यूटरमधील ‘पॉइंट’ करतात. चार सिलिंडरांचें एंजिन मिनिटास तीन हजार फेरे घेत असेल, तर त्यांना मिनिटास सहा हजार वेळां उघडावें लागतें, तेंही अर्ध्या मिलिमीटरहून कमी अंतरानें! त्यांचीं टोकें जळतात, टांच झिजते, फट कमी होते आणि ठिणगीची वेळ मागें पडते. सपाटीवर हें फारसें जाणवत नाहीं. घाटांत मात्र एंजिन तापतें व त्याचें बळ सरतें.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं स्थापिलेल्या प्रीमियर कंपनीची फियाट, जिचें पुढें पद्मिनी असें नामकरण झालें, ती याच पॉइंटांवर चाले. मुंबईच्या टॅक्सींतून ती ऑक्टोबर २०२३ मध्यें निवृत्त झाली. आतां ती हौशी लोकांच्या घरीं नांदते, आणि यांतील कित्येकांना तिची ठिणगी सुधारावीशी वाटते.

सुधारणेचें बीज जुनेंच आहे. प्रवाह वाहणाऱ्या पट्टीजवळ चुंबक आणला असतां तिच्या दोन कडांमध्यें अल्पसा दाब उत्पन्न होतो, हें एडविन हॉल यांनीं १८७९ सालीं दाखविलें. १९४७ सालीं बेल प्रयोगशाळेंत ट्रॅन्झिस्टर जन्मास आला. क्रायस्लर कंपनीनें १९७३ मध्यें अमेरिकेंतील आपल्या सर्व मोटारींस इलेक्ट्रॉनिक ठिणगी दिली. जुन्या गाडीसाठीं मिळणाऱ्या एका प्रकारच्या संचांत डिस्ट्रिब्यूटरच्या दांड्यावर चुंबकांचें कडें बसतें. हॉलच्या तत्त्वावर त्यांची चाहूल घेतली जाते आणि ट्रॅन्झिस्टर प्रवाह तोडतो. झिजण्यास कांहीं उरत नाहीं.

तारा दोनच: तांबडी कॉइलच्या धन टोंकास, काळी ऋण टोंकास. परंतु कॉइलच्या आधीं रोधक असेल, तर तांबडी तार रोधकाच्या अलीकडून घ्यावी, म्हणजे पूर्ण बारा व्होल्ट मिळतात. जुन्या इंग्रजी मोटारींत बॅटरीचें धन टोंक सांगाड्यास जोडलेलें असे. तेथें निराळा संच लागतो. तारा उलट जोडल्या तर यंत्र क्षणांत जळूं शकतें. एंजिन बंद असतां चावी लावून ठेवणेंही घातक.

अस्सलपणाचे कैवारी या सुधारणेवर नाक मुरडतात. केंद्र सरकारच्या २०२१ च्या नियमांनीं ‘व्हिंटेज’ गाडी पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांतील असावी, सांगाडा, बॉडी वा एंजिन यांत मोठा फेरफार नसावा, असें ठरविलें आहे. हा संच तर टोपीखालीं लपतो, कांहीं कापावें लागत नाहीं. मला आक्षेप दिसतो तो वेगळाच. पॉइंट आजारी पडतात, कुरकुरतात, आणि कानसेच्या दोन घांसांनीं पुन्हां पोलादपुरापर्यंत पोंचवितात. इलेक्ट्रॉनिक यंत्र एकदम मरतें, आणि घाटांत त्याला औषध नसतें. शिवाय ओलीचा प्रश्न त्यानें सुटत नाहीं. डिस्ट्रिब्यूटरच्या टोपीवर दंव धरलें अथवा जाड तारांना भेगा पडल्या, तर दाब तेथूनच निसटणार. म्हणून घाटाखालीं उतरण्यापूर्वीं टोपी कोरडी पुसावी, तारा नव्या घालाव्या, आणि काढलेले पॉइंट, कंडेन्सर व एक स्क्रूड्रायव्हर फडक्यांत गुंडाळून गाडींतच ठेवावे.