डोलीपासून एकशे आठपर्यंत

अकोले तालुक्याच्या डोंगरातल्या जुन्या माणसांना ‘डोली’ म्हटले की नवरी आठवत नाही, आजारी माणूस आठवतो. बांबूला घोंगडी बांधायची, तिच्यात रुग्णाला निजवायचे आणि खांदे बदलत डोंगर उतरायचा. ‘खांदा देणे’ हा शब्द आपण मयतासाठी राखून ठेवला आहे. तिरडीला आणि आमच्या जनाज्याला तो सारखाच चालतो. डोंगरात मात्र जिवंत माणसालाही खांदाच लागे.

नगर, म्हणजे आताचा अहिल्यानगर, हा क्षेत्रफळाने राज्यातला सर्वांत मोठा जिल्हा. सतरा हजार चौरस किलोमीटरचा. १९५० साली प्रवरेकाठी सहकारी साखर कारखाना उभा राहिला, मागोमाग आणखी झाले, आणि बागायती पट्ट्यात अडल्या-नडल्याला कारखान्याची जीप मिळू लागली. दक्षिणेकडच्या दुष्काळी जामखेडला तीही सोय नव्हती. तिथे १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या दांपत्याने वेगळाच विचार केला. गाडी वेळेवर पोहोचणार नसेल तर गावातली बाईच तयार करू. निरक्षर, पुष्कळदा दलित वस्तीतल्या या बाया बाळंतपणे करू लागल्या आणि कोणत्या गरोदर बाईला आधीच दवाखान्यात हलवले पाहिजे हेही ओळखू लागल्या.

गाडीचा धंदा किंवा सेवा, काय म्हणायचे ते म्हणा, कंपन्यांच्या हाती आली ती २००५ च्या सुमारास. मुंबईत ‘झिकित्झा’ कंपनीची १२९८ क्रमांकाची रुग्णवाहिका सुरू झाली. खासगी रुग्णालयात जाणाऱ्याकडून पूर्ण भाडे, सरकारी रुग्णालयात जाणाऱ्याकडून कमी, असा तिचा हिशेब. शहरात हे जमते. भंडारदऱ्याच्या वाड्यांवर पूर्ण भाडे देणारा आणायचा कुठून?

त्याच वर्षी हैदराबादेत १०८ सुरू झाली. रुग्णाला ती फुकट होती. तिच्यामागे ‘सत्यम’चे रामलिंग राजू होते. ७ जानेवारी २००९ रोजी राजूंनी हिशेबातल्या घोटाळ्याची कबुली दिली आणि सत्यम कोसळली. आता गाड्या थांबणार अशी धास्ती होती. त्या थांबल्या नाहीत, कारण डिझेल-पगाराचा बहुतेक खर्च राज्य सरकारे करीत होती. वर्षभरातच ‘जीव्हीके’ उद्योगसमूहाने कारभार हाती घेतला. धनी बदलला, नंबर तोच राहिला.

सगळीकडे असे निभावत नाही. फेब्रुवारी २०१६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या ‘ट्रान्सकेअर’ या खासगी रुग्णवाहिका कंपनीने दिवाळे काढले. एका गुंतवणूक संस्थेच्या मालकीची ही कंपनी. तिच्या गाड्या काही दिवसांतच रस्त्यावरून उतरल्या. त्या शहराच्या अग्निशमन दलाकडे स्वतःच्या रुग्णवाहिका होत्या. दलाने त्या रिकाम्या झालेल्या भागांत लावल्या, म्हणून शहराचे भागले.

महाराष्ट्रात १०८ आली २०१४ मध्ये. राज्यभर ९३७ गाड्या. त्यांपैकी २३३ अतिदक्षता सोयींच्या, बाकी ७०४ साध्या. पैसा सरकारचा, चालवणार ‘भारत विकास ग्रुप’, फोन उचलणार पुण्यातल्या औंधमध्ये. राजूरहून लावलेला फोन पुण्यात वाजतो याचे मला अजून नवल वाटते. मूळ कराराची मुदत संपली, मग मुदतवाढी मिळत राहिल्या आणि २०२४ मध्ये पुढच्या दहा वर्षांसाठी नवे कंत्राट निघाले. त्या वेळी चर्चा झाली ती रकमेची, आणि कंत्राट कुणाला मिळाले याची. ती व्हायलाच हवी होती. पण कंत्राटदार मध्येच निघून गेला तर गाड्या कुणाच्या ताब्यात राहणार, किती दिवस आधी कळवायचे, चालक आणि डॉक्टर यांचे काय, ही कलमे सामान्य वाचकापर्यंत फारशी आलीच नाहीत.

कंपनी कधी जिल्हा सोडतेच असे नाही. तोट्याच्या टोकाला एक गाडी दुरुस्तीला जाते आणि परत येत नाही. कागदावर सेवा चालूच असते. त्याची पहिली झळ पाथर्डीच्या किंवा अकोल्याच्या कडेच्या गावांना बसणार, नगर शहराला नव्हे. राजूरहून अकोल्याकडे येताना विठ्याचा घाट लागतो. रात्री त्या घाटातून रुग्ण खाली आणायला कंपनीखेरीज सरकारची स्वतःची किती वाहने आहेत, हे प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाच्या दारावर लिहून ठेवावे, एवढी मागणी ग्रामसभा आजही करू शकते.