हृदयाची गोळी, यकृताचा दाब

सिरोसिसच्या रुग्णाला एकाएकी रक्ताची उलटी होते, ती बहुधा अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला फुगलेल्या शिरा फुटल्याने. त्यामुळे वैद्यांची नजर कित्येक दशकं त्या शिरांवरच खिळली होती. 1939 साली स्वीडनमध्ये क्राफोर्ड आणि फ्रेंक्नर यांनी त्यांत औषध टोचून त्या बुजवल्या. 1950 साली अमेरिकेत सेंगस्टाकेन आणि ब्लेकमोर यांनी फुग्याच्या नळीने त्या आतून दाबल्या. मूळ दुखणं मात्र मागे होतं. यकृत निबर झालं की आतड्यांकडून येणारं रक्त पोर्टल शिरेत तुंबतं. शस्त्रक्रियेने वाट वळवून हा दाब उतरवता येई, पण रक्त न गाळताच पुढे गेल्याने रुग्णाला भ्रम व्हायचा. दाब गोळीने उतरवता येतो हे दाखवलं प्रोप्रॅनोलॉलने, आणि माझ्या मते या उपचारांचा इतिहास तिथेच खऱ्या अर्थाने वळला.

ही गोळी जेम्स ब्लॅक यांनी 1960च्या दशकात हृदयशूळासाठी घडवली. पॅरिसलगतच्या क्लिशीतल्या बोझाँ रुग्णालयात दिदिए लब्रेक आणि सहकाऱ्यांनी ती रक्तस्राव होऊन गेलेल्या 74 रुग्णांवर तपासली. नाडी पाव हिश्शाने मंदावेल इतका डोस ठरवला. 1981 साली निष्कर्ष छापून आले: वर्षभरात पुन्हा रक्तस्राव न झालेले, गोळी घेणाऱ्यांत 96 टक्के, नुसती दिखाऊ गोळी घेणाऱ्यांत 50. हृदय कमी रक्त ढकलतं आणि आतड्यांच्या धमन्याही आकसतात, म्हणून पोर्टल शिरेत येणारा लोंढाच घटतो. ज्या गोळ्या फक्त हृदयावर काम करतात, त्यांना हे दुसरं काम तितकंसं साधत नाही.

1983 साली लंडनच्या चाचणीत हा फायदा दिसला नाही. आक्षेप रास्त होता. पण तिथल्या रुग्णांचं यकृत अधिक ढासळलेलं होतं, आणि पुढच्या अनेक चाचण्यांचा एकत्रित कौल गोळीच्या बाजूने पडला. दुसरा आक्षेप फुगलेल्या शिरांना घालायच्या रबरी कड्यांचा. 1980च्या दशकात डेन्व्हरच्या स्टीगमन यांनी आणलेलं बँडिंग दाबाला हातही न लावता रक्त थांबवतं, मग गोळी कशाला? दाब कायम असला तर शिरा पुन्हा फुगतात, म्हणून एकदा रक्तस्राव झालेल्यांना आज दोन्ही देतात. 2019च्या स्पॅनिश चाचणीत तर रक्तस्रावाआधीच या जातीच्या गोळ्या सुरू केल्यावर, मुख्यतः जलोदर टळून, यकृत कोलमडणं किंवा मृत्यू 27 टक्क्यांवरून 16वर आला. आता याच जातीच्या कार्वेडिलॉलला पसंती आहे. मात्र रक्त वाहत असताना या गोळ्या देत नाहीत, आणि जलोदराच्या रुग्णाचा वरचा रक्तदाब 90च्या खाली गेला तर डोस घटवावा किंवा थांबवावाच लागतो.