रोबोचं बिऱ्हाड हलवताना



२०१७ साली आमच्या ऑफिसात एका रोबो-हाताचं सॉफ्टवेअर उबुंटूवरून मॅकवर न्यायचं काम माझ्याकडे आलं. "सगळा कोड सी++ आणि पायथॉनमध्ये आहे, दोन्ही मॅकवर चालतात, आठवड्यात होईल," असं मी भर मीटिंगमध्ये सांगून बसलो. लागले सहा आठवडे! आमच्या स्वतःच्या कोडच्या जेमतेम शंभरेक ओळी बदलाव्या लागल्या. बाकी सगळा वेळ कुठल्या लायब्ररीची कुठली आवृत्ती कुणाशी जमते, या पत्रिका जुळवण्यात गेला. तेव्हा स्वतःवरच चिडलो होतो. पुढे या सॉफ्टवेअरचा इतिहास वाचला आणि कळलं की गाडं बरोबर त्याच जागी का रुततं.

आमचा हात चालायचा 'रॉस'वर, म्हणजे रोबोट ऑपरेटिंग सिस्टिमवर. नाव जरा फसवं आहे. ही काही लिनक्स किंवा विंडोजसारखी ऑपरेटिंग सिस्टिम नाही. अशा एखाद्या सिस्टिमच्या डोक्यावर बसून कॅमेरा, चाकं, हात वगैरेंच्या प्रोग्रॅम्सना एकमेकांशी निरोपांची देवघेव करू देणारी ही व्यवस्था. तिची मुळं स्टॅनफर्ड विद्यापीठात. २००७ पासून कॅलिफोर्नियात मेन्लो पार्कच्या विलो गॅराज या कंपनीने ती वाढवली. कल्पना साधी होती: प्रत्येक संशोधकाने रोबो चालवायचं तेच ते सॉफ्टवेअर पहिल्यापासून लिहीत बसू नये. २०१० मध्ये रॉसची १.० आवृत्ती आली आणि त्याच वर्षी कंपनीने आपले पीआर-२ नावाचे रोबो ११ संस्थांना विनामूल्य वापरायला दिले. रॉस झपाट्याने पसरलं.

पण दुसऱ्याने लिहिलेलं वापरायचं म्हटलं की त्याचे पाहुणेरावळेही घरात घ्यावे लागतात. चित्रं समजून घ्यायला ओपनसीव्ही, त्रिमितीय बिंदूंसाठी पीसीएल, सी++ च्या सोयींसाठी बूस्ट. यातल्या प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं आणि लेखकही वेगळे. या सगळ्यांच्या आवृत्त्या जुळवायच्या कुणी?

रॉसवाल्यांनी हे काम उबुंटूवर सोपवलं. उबुंटूच्या प्रत्येक आवृत्तीत लायब्ऱ्यांच्या आवृत्त्या गोठवलेल्या असतात. म्हणून २०१६ चं काइनेटिक उबुंटू १६.०४ साठी, २०१८ चं मेलोडिक १८.०४ साठी, २०२० चं नोएटिक २०.०४ साठी, अशी जोडी ठरत गेली. एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या हजारो प्रोग्रॅमर्सच्या वतीने तिसऱ्याच कुणीतरी बोलणी करून ठेवली होती. उबुंटूवर राहणाऱ्याला त्याचा पत्ताच लागत नाही. तो एक कमांड देतो आणि सगळं बसतं. आम्ही मॅकवर गेलो आणि तो करारच मागे राहिला.

मॅकवर होमब्रू आहे, पण त्याचा स्वभाव उलटा: शक्यतो प्रत्येक गोष्टीची ताजी आवृत्ती द्यायची. सोमवारी बांधलेलं शुक्रवारच्या अपडेटनंतर मोडतं. रॉसकडे 'रॉसडेप' नावाचं साधन आहे. एकच लायब्ररी कुठल्या सिस्टिमवर कुठल्या नावाने मिळते याचा तो कोश आहे. नाव बरोबर सांगतो, पण मिळालेली आवृत्ती तुम्हाला चालेल की नाही, याची हमी देत नाही. आमचं एक पॅकेज ओपनसीव्ही २ मागत होतं, दुसरं ३. दोन्ही एकाच प्रोग्रॅममध्ये आल्या की प्रोग्रॅम धाडकन कोसळायचा, आणि कारण सांगायचा नाही.

अर्थात घरचीही भांडणं होतीच. उबुंटू १६.०४ मध्ये ओपनसीव्ही होती २.४, म्हणून काइनेटिकने ३ ची स्वतःची प्रत सोबत बांधून आणली. ती पायथॉन २.७ साठी. काइनेटिक सुरू केलं की ती पायथॉनच्या शोधमार्गात पुढे येऊन बसायची, आणि पायथॉन ३ मध्ये ओपनसीव्ही मागणाऱ्याला भलतीच चूक दिसायची. कित्येकांची रात्र यात गेली असेल!

हे काम अवघड वाटतं ते केवळ आपण मठ्ठ म्हणून नव्हे, बरं का. डेबियनसारख्या संग्रहात एखादं पॅकेज सगळ्या अटी पाळून बसेल का, हा प्रश्न एनपी-कंप्लीट आहे, असं युरोपातल्या संशोधकांनी २००६ मध्ये दाखवलं. म्हणजे वाईटात वाईट प्रसंगी तो झटपट सोडवायची हमखास रीत कुणालाच ठाऊक नाही.

मग लोकांनी काय केलं? २०१३ मध्ये डॉकर आलं: आख्खं उबुंटूच डब्यात भरून न्या. मॅकवर मात्र तो डबा आभासी लिनक्समध्ये चालतो, आणि यूएसबीला जोडलेला खरा हात आतून हलवणं जिकिरीचं. नंतर रोबोस्टॅक आलं. त्याने रॉसची पॅकेजेस कोंडा या व्यवस्थेत आणली. तिथे लिनक्स, मॅक, विंडोज तिन्हींसाठी आवृत्त्या एकत्र जुळवल्या जातात, आणि प्रत्येक प्रकल्पाला आपली वेगळी खोली मिळते. माझ्या वेळी हे नव्हतं. मी जुनं पॅकेज ओपनसीव्ही ३ साठी दुरुस्त करून घेतलं, चालणाऱ्या सगळ्या आवृत्त्यांची यादी लिहून काढली आणि अपडेट बंद केले.

२०१७ च्या डिसेंबरात आलेल्या रॉस २ ने तर उबुंटू, मॅक, विंडोज तिन्हींना पहिल्यापासून घरचं मानलं. पण २०२२ च्या हंबलपर्यंत मॅकची रवानगी तिसऱ्या श्रेणीत झाली, म्हणजे तयार पॅकेजेस नाहीत, तुमचं तुम्ही बघा. पत्रिका जुळवायला माणसं लागतात, नुसता इरादा पुरत नाही. आणि २०२५ च्या मे महिन्यात नोएटिकचा आधार संपला, त्याबरोबर मूळ रॉसचाही. ज्या प्रयोगशाळांत दहा वर्षांपूर्वीचे रोबो आहेत, त्यांच्या मोटारी अजून ठणठणीत आहेत. म्हातारं झालंय ते त्यांच्याभोवतीचं गणगोत.

तेव्हापासून बिऱ्हाड हलवायचं काम आलं की "ही भाषा तिथे चालते का?" हे मी नंतर विचारतो. आधी विचारतो, "तिथे आवृत्त्या जुळवून ठेवणारं कोण आहे, आणि ते किती वर्षं राहणार?" उत्तर "कुणी नाही" असेल, तर ते काम आपल्याच गळ्यात पडणार हे धरून दिवस सांगतो. आठवडा म्हणत नाही.

असो. बरंच लांबलं. चूभूद्याघ्या.