सवाशिणींची भिंत आणि जिव्या सोमा म्हसे

शिरपूरची अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती वाळू आणि शेण यांची घडविलेली, ही आख्यायिका आपण सर्वच ऐकत आलो आहोत. तेव्हा शेणामातीला कलेच्या राज्यात मज्जाव नाही, हे येथील श्रोत्यांस नव्याने सांगावयास नको. आज आम्हांला सांगावयाची आहे ती डहाणूकडच्या सारवलेल्या भिंतींची हकीकत.

वारल्यांच्या घरी लग्न निघाले, की सवाशिणी तांदळाच्या पिठाने भिंतीवर चौक लिहीत. मधोमध पालघट देवी, भोवती झाडे, माणसे, जनावरे. हा मान बायकांचा. त्या सवाशिणींची नावे मात्र आपणांस ठाऊक नाहीत.

नाव ठाऊक आहे ते एका पुरुषाचे. जिव्या सोमा म्हसे (१९३४–२०१८) कोणत्याही कलाशाळेत गेले नव्हते. लहानपणी आई गेली, पोर बोलेनासे झाले आणि धुळीत रेघा ओढून मनातले सांगू लागले, असे त्यांच्याविषयी सांगतात. १९७०नंतरच्या पहिल्या वर्षांत चित्रकार भास्कर कुलकर्णी कागद घेऊन वारली पाड्यांवर आले. १९६६-६७च्या बिहारच्या दुष्काळात मिथिलेच्या बायकांना कागद देणारे तेच हे कुलकर्णी. मिथिलेत त्या कागदाने सीतादेवी, गंगादेवी ही स्त्रियांची नावे पुढे आणली. डहाणूस ते भाग्य पुरुषाच्या वाट्यास आले. म्हशांना १९७६ साली राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, १९८९ साली त्यांची चित्रे पॅरिसच्या प्रदर्शनात गेली, २०११ साली ते पद्मश्री झाले.

मग बायकांची कला पुरुषाने पळविली काय? आम्हांस तसे वाटत नाही; पण प्रश्न झटकून टाकावा इतका पोकळही तो नाही. चौक लग्नापुरता असे, देवीसाठी असे, आणि पुढे पुसला जाई. म्हशांनी देवघराबाहेरचा पाडा कागदावर आणला : भाताची लावणी, मुंग्यांची वारुळे, तारपा वाजविणाऱ्याभोवती गुंडाळत जाणारी नाचणाऱ्यांची रांग. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून उभे केले, की माणूस झाला. त्या रांगेत पाटील कोण आणि मजूर कोण, हे ओळखू येत नाही.

त्यांच्या एका चित्रात मासे धरण्याचे जाळे आहे. बारीक पांढऱ्या रेघांचे ते जाळे जवळजवळ सारा कागद व्यापते. ते धरणारा माणूस मात्र शोधावा लागतो.