मस्केट युद्धे

मस्केट युद्धे : एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यूझीलंडच्या माओरी टोळ्यांमध्ये युरोपीय बनावटीच्या ठासणीच्या बंदुकांनी झालेल्या लढायांची मालिका (पहा : माओरी).

उगम : देवमासे व सील यांची शिकार करणारी जहाजे आणि सिडनीचे व्यापारी यांच्यामार्फत बंदुका बेटांवर आल्या. न्गापुही टोळीचा प्रमुख होंगी हिका १८२० मध्ये इंग्लंडला गेला. परतताना १८२१ मध्ये सिडनीत त्याने बंदुकांचा मोठा साठा मिळवला आणि त्याच वर्षी दक्षिणेकडील टोळ्यांवर स्वाऱ्या सुरू केल्या.

वैशिष्ट्ये : बंदुकांच्या मोबदल्यात बटाटे, डुकरे व हाराकेके वनस्पतीचे तंतू दिले जात. शिंपल्याच्या कडेने पाने खरवडून हे तंतू काढत. त्या कामी स्त्रिया व युद्धकैदी राबत. बंदुका प्रथम उत्तरेकडे पोहोचल्याने तेथील टोळ्या वरचढ ठरल्या. १८३० च्या दशकात शस्त्रे सर्वत्र पसरल्यावर बलाचा समतोल साधला गेला. ‘पा’ या तटबंद वस्त्यांना गोळीबारापासून संरक्षणासाठी खंदकांची जोड मिळाली. १८३५ मध्ये मूळच्या तारानाकी भागातील दोन टोळ्यांनी चॅटम बेटांवरील मोरिओरींची कत्तल केली व उरलेल्यांना गुलाम केले (पहा : मोरिओरी).

महत्त्व : या युद्धांत हजारो माणसे मारली गेली, अनेक टोळ्या विस्थापित झाल्या आणि जमिनीच्या हक्कांच्या सीमा बदलल्या. १८४० च्या करारानंतर झालेले जमिनीचे व्यवहार याच पार्श्वभूमीवर घडले (पहा : वाइटांगी करार). खंदकयुक्त तटबंदीचा अनुभव माओरींना १८४५ पासून ब्रिटिश फौजांविरुद्ध उपयोगी पडला (पहा : न्यूझीलंड युद्धे).